बसलेल्या माणसाला मारू नये

जानेफळच्या पोळ्यात ज्या झडतीवरून, म्हणजे टोमण्याच्या ज्या चार ओळींवरून, रक्त सांडले, ती झडती मी रचली होती. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. पत्नीला नाही, ज्यांच्याशी रोज बोलतो त्या मित्रांनाही नाही. पुढे त्या पोळ्याचे वर्णन मी एका मासिकात लिहिले, त्यातही नाही. उलट त्या लेखात एक वाक्य असे आहे : ‘एवढ्यात गर्दीतून कोणीतरी एक झडती म्हटली.’ त्या ‘कोणीतरी’च्या आड मी माझे अर्धे आयुष्य काढले. आज मी पंचावन्न वर्षांचा आहे. मला लिहायचे आहे ते तुळशीरामभाऊंविषयी. पण स्वतःला लपवून त्यांच्याविषयी लिहिणे म्हणजे पुन्हा तेच करणे होईल, म्हणून हे आधी सांगितले.

नवे राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. पुण्याच्या वाचकाला वऱ्हाड म्हणजे कापूस आणि ऊन यापलीकडे ठाऊक नव्हते. एका मासिकाच्या संपादकांनी मला सांगितले, “जा, हिंडून या. आता ती माणसे आपली झाली आहेत, ती कशी आहेत ते लिहा.” मी अविवाहित होतो, नोकरी नुकतीच सोडली होती आणि लेखणीविषयी माझा फार मोठा समज होता. बुलढाणा जिल्ह्यात मी धामणगाव बढ्यापासून हिंडत हिंडत मेहकरला पोचलो. तिथल्या बैलबाजारात मला तुळशीरामभाऊ प्रथम दिसले, ते एका माणसाच्या मांडीत पराणी खुपसताना.

पराणी म्हणजे बैल हाकण्याची काठी. तिच्या टोकाला खिळा असतो. तो माणूस आपल्या थकलेल्या बैलाला एकाच जागी टोचत होता. जखम झाली होती, तिच्यावर माश्या बसल्या होत्या. तुळशीरामभाऊ गर्दीतून आले, त्याच्या हातातली पराणी हिसकली आणि त्याच खिळ्याने त्याच्या मांडीला भोसकले. धोतरावर रक्ताचा ठिपका उमटला, पसरू लागला.

“कसं लागते, सांग बे! सांग नं! त्याले तोंड नाई, तुले तं हाय!”

तो माणूस किंचाळत खाली बसला. आणि एक नवल झाले. दुसऱ्यांदा उगारलेली पराणी हवेतच थांबली. तुळशीरामभाऊंनी ती गुडघ्यावर मोडली, दोन्ही तुकडे त्याच्या पुढ्यात टाकले आणि वळून माझ्याकडे पाहिले. मी वही काढून लिहीत होतो.

“तुमी कोन? पोलीस?”

“नाही. लेखक आहे. पुण्याहून आलोय.”

“मंग ठीक हाय,” ते म्हणाले. “जेवले का?”

त्या दिवशी त्यांच्या गाडीतून मी जानेफळला गेलो आणि दीड पावसाळा त्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत राहिलो. माझे नाव त्यांनी कधी विचारले नाही. त्यांच्यासाठी मी ‘पुनेकर’ होतो.

माणूस आडवा होता. उंचीपेक्षा रुंदी डोळ्यांत भरे. उजवा हात डाव्यापेक्षा जाड होता, आणि तो सदैव काहीतरी करण्याच्या बेतात असल्यासारखा मांडीवर हलत असे. कोरडवाहू जमीन बऱ्यापैकी होती, बैल उत्तम होते, आणि राग त्या दोहोंपेक्षा मोठा होता. त्यांनी मारले नाही असे गावात फार थोडे लोक असतील. मोजमापात लबाडी करणारा, पाणवठ्यावर बायकांना अडवणारा, उसना नेलेला वखर मोडून आणणारा, सगळ्यांचा न्याय तोच हात करी. कधी तो न्याय असे, कधी नुसताच हात असे. ते भले होते असे मी म्हणणार नाही. एका माणसाचा कान त्यांच्या थपडेने कायमचा गेला होता. त्याचा अपराध एवढाच, की भर पंगतीत तो तुळशीरामभाऊंना हसला.

पण या रागाला एक कुंपण होते. बसलेल्या माणसाला ते मारत नसत. हे त्यांना कोणी शिकवले, ते मी विचारले तेव्हा म्हणाले, “कोनी नाई. बसला म्हंजे त्यानं मानलं. मानलेल्याले मारनं म्हंजे मेलेल्याले मारनं.” साऱ्या गावाला हे ठाऊक होते. त्यामुळे त्यांचा हात वर गेला, की समोरचा माणूस जिथे असेल तिथे खाली बसे. चिखल असो, काटे असोत. त्यांचा सालदार श्रावण तर या विद्येत तयार झाला होता. एकदा त्याने वैरण भिजू दिली, तेव्हा भाऊ कोयता टाकून त्याच्या मागे धावले. श्रावण गोठ्याच्या दारात शेणात फतकल मारून बसला आणि कनवटीची भाकर काढून खाऊ लागला.

“ऊठ बे!”

“नाई उठत, मालक. जेवून राह्यलो.”

“किती जेवतं?”

“तुमचा राग उतरेपरेंत.”

भाऊंनी शेजारची रिकामी घागर उचलली आणि भिंतीवर फोडली. त्या घरात मडकी फार फुटत. गोदावहिनी, त्यांच्या पत्नी, कुंभाराला सांगत, “दोन ज्यादा देजो बाप्पा, एक पान्यासाठी अन् एक आमच्या यायच्यासाठी.” त्यांच्यावर कधी हात पडला का, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही. एवढे मात्र पाहिले, की नवऱ्याचा आवाज चढला की त्या जात्यापाशी बसत आणि दाणे नसले तरी जाते फिरवू लागत.

एकदा देऊळगाव राजाच्या बाजूला एक खोंड पाहण्यासाठी आम्ही गाडीने निघालो. वाटेत एका ओढ्यावर बैल पाजण्यावरून तंटा झाला. तिघे जण होते. त्यांनी आमच्या बैलांच्या तोंडापुढे गाळ ढवळला. “आमच्या गावचं पाणी आहे, आधी आमची जनावरं पितील,” असे त्यांचे म्हणणे. तुळशीरामभाऊ गाडीवरून उतरले. त्यांनी गाडीची उभारी उपसली. म्हणजे कडेला रोवलेला दांडा. पुढचे मी डोळे भरून पाहिले, हे आज लिहिताना लाज वाटते. हाड मोडण्याचा आवाज ओल्या फांदीसारखा नसतो, सुक्या फांदीसारखाही नसतो. तो आपल्याच अंगातून आल्यासारखा ऐकू येतो. दोघे पळाले. तिसऱ्याचे खांद्याचे हाड मोडले होते, तो पाण्यात बसून ओरडत होता.

“बसला,” भाऊ म्हणाले, आणि त्यांनी उभारी टाकली. मग त्यालाच उचलून गाडीत घातले, माझे उपरणे काढून त्याचा हात गळ्याशी बांधला आणि खोंडाचा नाद सोडून त्याला दवाखान्यात नेले. साऱ्या वाटेने त्याला शिव्या देत होते, आणि प्रत्येक खड्ड्याआधी बैल आवरून गाडी हळू करत होते.

परतताना मी म्हणालो, “हे सगळं लिहिणार आहे मी.”

“लेहा. पन नाव नका टाकू त्याचं. नाव म्हंजे वेसन असते, पुनेकर. कोनाच्या बी हातात देऊ नाई.”

आता झडतीविषयी सांगतो. वऱ्हाडात पोळ्याच्या दिवशी गावाबाहेरच्या आखरावर, म्हणजे गुरे जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात, त्याखाली सजवलेल्या बैलजोड्या उभ्या राहतात, आणि तोरण तुटण्याआधी दोन्हीकडून झडत्या म्हटल्या जातात. झडती म्हणजे खड्या आवाजातले दोन-चार ओळींचे टोमणे. शेवटी सगळा गाव ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणून गर्जतो. आमच्या बाजूचे झडतीकार तुळशीरामभाऊ होते. ज्या तोंडातून शिवीखेरीज काही निघेल असे वाटू नये, त्यातून पोळ्याला असे काही निघे, की म्हातारेदेखील पोट धरून हसत. माझ्या पहिल्या पोळ्याला त्यांनी म्हटले होते :

सडक निंघाली मेहकरातून, मोठा तिचा थाट,
जानेफळ दिसलं तशी फिरवली तिनं पाठ!

या कामात त्यांचे नियम कडक होते. “झडतीनं गाव हासलं पाहिजे. एकट्या मानसानं मान खाली घातली तं झडती वाया गेली. अन् उंबरठ्याच्या आतलं झडतीत आनू नाई. सडक घ्या, सरपंच घ्या, पाऊस घ्या. कोनाची चूल नका घेऊ.”

मीही काही झडत्या रचून त्यांना ऐकवल्या. ते मन लावून ऐकत आणि मग गोदावहिनींना हाक मारत, “अवो, पुनेकरायची झडती ऐकली का? बिनमिठाचं वरन हाय!” श्रावण खो खो हसे. मीही हसे. पण ते हसणे रात्री उशाशी येऊन बसत असे.

त्यांच्या या नियमामागे एक जुना घाव होता. धाकटी बहीण रुखमाबाई त्याच गावात दौलतराव पाटलांच्या घरी दिलेली होती. पोळ्यात पहिली जोडी कोणाची, या मानावरून दोन्ही घरांत हाडवैर आले. मी येण्याच्या पुष्कळ आधी, एका पोळ्याला लाठ्या चालल्या होत्या. तुळशीरामभाऊंनी दौलतरावांच्या चुलतभावाचा जबडा फोडला आणि मग लाठी घेऊन मेहुण्यालाच शोधत त्याच्या घरात शिरले. दौलतराव सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी रुखमाबाई विहिरीच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “दादा, माह्या घरावर तुहा हात अन् तुही जीभ, दोन्ही पुन्हा येनार नाई, अशी आन घे. नाई तं पाहून घे, मी चालली हिरीत.” भावाने तिच्या डोक्यावर हात ठेवून आण घेतली. पोळ्याचा मानही दौलतरावांना सोडला. तेव्हापासून रुखमाबाई नागपंचमीला आणि भाऊबीजेला माहेरी येत. त्या येणार म्हटल्यावर तो आडदांड माणूस सकाळपासून ओसरीत येरझाऱ्या घाली, आणि त्या दिवशी घरात एकही मडके फुटत नसे.

त्या वर्षी नागपंचमीला त्या आल्या. बारीक चणीची, तल्लख, बोलता बोलता डोळ्यांनी हसणारी बाई. फराळ झाला, आम्ही चौघेच होतो. बहीणभावाचे जुन्या गोष्टींवर बोलणे चालले होते. एकाएकी त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

“दादा, एक सांगू? मारसीन नाई नं?”

“बसली हायेस तू. सांग.”

“त्या पोळ्याले तू लाठी घेऊन आमच्या घरी आला होता... ते घरातच होते.”

“कुठं?”

“कनगीत. म्याच ढकललं. वरून ज्वारी सारली अन् झाकन देल्लं.”

भाऊंनी मांडीवर थाप मारली. मग त्यांच्या छातीतून गडगडाट उठला. “म्हंजे... म्हंजे मी त्या कनगीले टेकून पानी पेलो नं त्या दिवशी! तूच देल्लं होतं!”

“हाव! अन् ते आतून शिंकतीन म्हनून माहा जीव चालला होता!”

गोदावहिनींच्या डोळ्यांतून पाणी आले. मीही हसलो. मग रुखमाबाई एकदम गंभीर झाल्या. “पन दादा, हे इथंच राहू दे. त्यायले समजलं का म्या सांगतलं, तं जित्ती नाई ठेवनार मले.”

“उंबरठ्याच्या आत हाय,” भाऊ म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली.

त्याच सुमारास संपादकांचे पत्र आले होते. लेख सात्त्विक होत आहेत, वाचक जांभया देतात, तुमच्या वऱ्हाडात काही घडतच नाही का, असा त्याचा मजकूर. ते पत्र हे निमित्त. खरे कारण मी नंतर अनेकदा तपासून पाहिले आहे. मला दाखवायचे होते, की माझ्या वरणातही मीठ आहे. आणि आणखी खोल, जिथे मी सहसा जात नाही तिथे, एक इच्छा बसली होती : काहीतरी घडावे, आणि ते मी पाहावे. ओढ्यावरचा तो आवाज माझ्या कानांतून गेला नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळतात, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. तुळशीरामभाऊ त्यात गुंतले होते. त्यांचा घसा बसला होता, म्हणून झडत्या श्रावण म्हणणार असे ठरले होते. मी श्रावणला गोठ्यामागे गाठले आणि चार ओळी पाठ करून घेतल्या.

“हे लय तिखट हाय,” तो घोटाळला. “मालकानं देल्ली का?”

मी म्हणालो, “हो. मालकांनीच दिली. सगळ्यात शेवटी म्हणायला सांगितलंय.”

दुसऱ्या दिवशी आखरावर गाव लोटला होता. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, गळ्यांत घुंगरमाळा. दौलतराव मानाच्या जोडीपाशी तुऱ्याचा फेटा बांधून उभे होते. मी देवळाच्या उंच ओट्यावर जागा धरली होती, सगळे नीट दिसावे म्हणून. दोन्हीकडून झडत्या झाल्या, हशा झाला. मग श्रावणने छाती भरून घेतली :

मिशीले पीळ, फेट्याले तुरा,
मानाच्या जोडीचा धनी हा खरा,
लाठ्या वाजल्या तं वाघ कुठं गेला?
कनगीच्या ज्वारीत बायकोनं लपवला!

‘हर बोला’ कोणी म्हटले नाही. एक क्षण घुंगरूही वाजले नाही. मग मागून कोणीतरी फिसकन हसले, आणि ते हसू वणव्यासारखे पसरले. दौलतरावांचा चेहरा मी पाहिला. त्यात राग नंतर आला. आधी तो उघडा पडला.

लाठ्या कुठून निघाल्या कळले नाही. पहिला घाव श्रावणच्या डोक्यात बसला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताची रेघ कमरेपर्यंत उतरली. बैल बुजले, दावी तुटली, एक जोडी गर्दीतून घुसली आणि एक म्हातारा खुरांखाली गेला. त्या गदारोळात तुळशीरामभाऊ आपल्या बैलांच्या कासऱ्याला धरून उभे होते. त्यांच्या हातात लाठी होती. त्यांनी वर पाहिले, देवळाच्या ओट्याकडे, आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. फार वेळ नाही. मग त्यांनी लाठी टाकली, कासरा सोडला आणि तोरणाखाली, शेणामातीत, मांडी घालून खाली बसले.

“बसला! तुळशीराम बसला!” कोणीतरी ओरडले. आणि मी सांगतो, त्या क्षणी उगारलेल्या लाठ्या खरेच थांबल्या. एका माणसाचा नियम साऱ्या गावाच्या हातांत उतरला होता.

दौलतराव मात्र गर्दी फोडत पुढे आले. त्यांच्या हातात गाडीची उभारी होती. “बसलेल्याले मारू नाई हे तुह्या घरचं! आमच्या घरचं तूच चव्हाट्यावर आनलं!” उभारी खाली आली. भाऊंनी उजवा हात डोक्यावर धरला. मनगटाचा चुरा झाला, तो आवाज मला ओट्यावर ऐकू आला. पुन्हा तोच आवाज. दुसरा घाव, तिसरा. त्यांनी एकदाही उठण्याचा प्रयत्न केला नाही. मी ओट्यावर उभा होतो. दोन उड्यांत मी त्यांच्यापाशी पोचलो असतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरले असते.

त्यांना दाराच्या फळीवर घालून घरी नेत असताना पाटलांच्या घराच्या बाजूने बाईचा ओरडा आला. फळी धरणारे थांबले. तो रुखमाबाईंचा आवाज होता. मारण्याचे आवाजही येत होते, मधूनमधून दौलतरावांचा शब्द, “अजून काय काय सांगतलं? भावाले अजून काय सांगतलं?” फळीवरच्या माणसाने डोळे मिटून घेतले. त्याचा डावा हात धड होता. त्या हाताने त्याने फळीची कड अशी धरली, की नखांतून रक्त आले. आण घेतली होती.

संध्याकाळी पोलीस पाटील चौकशीला आले. श्रावण डोक्याला फडके बांधून कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, “मालकानं देल्ली झडती. पुनेकरायनं सांगतलं मले.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, निरोप्याकडे पाहतात तसे. पोलीस पाटलांनी विचारले, “काहो तुळशीराम, खरं का हे?”

गोदावहिनी हळद लावता लावता थांबल्या. भाऊ आढ्याकडे पाहत होते.

“हाव,” ते म्हणाले. “म्याच देल्ली.”

मी काही बोललो नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी गाव सोडला. निघताना त्यांच्या पाया पडलो, तर ते म्हणाले, “सांभाळून जाजा.” पुण्यात येऊन मी पोळ्याचा लेख लिहिला. तो गाजला. ‘वऱ्हाडचे धगधगते जीवन’ असे काही लोक म्हणाले. संपादक खूश झाले. उडत उडत कळले, की रुखमाबाईंचे पुढचे दात पडले आणि त्यांचे माहेर तुटले. नवऱ्याने माहेरी पाठवायचे नाकारले म्हणून नव्हे. त्यांनीच निरोप पाठवला होता, की आण मोडणारा भाऊ मला मेला.

वर्षे गेली. मागच्या हिवाळ्यात माझ्या जुन्या प्रवासलेखांचा संग्रह निघायचे ठरले, त्याची मुद्रिते तपासायला आली. ‘एवढ्यात गर्दीतून कोणीतरी’ या शब्दांपाशी माझी लेखणी थांबली, ती पुढे गेली नाही. मी मुद्रिते तशीच परत केली आणि मेहकरची गाडी धरली.

तुळशीरामभाऊ ओट्यावर बसून डाव्या हाताने शेळीला चप्पल फेकून मारत होते. नेम चुकला. उजवा हात मांडीवर वाळलेल्या मुळीसारखा पडला होता. गोदावहिनी जाऊन चार-पाच वर्षे झाली होती. त्यांनी मला चटकन ओळखले नाही. मग डोळे बारीक केले.

“पुनेकर! आयला, केस कुठं ठेवून आले? बसा. जेवले का?”

मी उभाच राहिलो.

“बसा नं! काऊन, अजून भेता का? ह्या हातानं आता माशी नाई उठत.”

“तुम्ही बसलेल्याला मारत नाही, म्हणून उभा आहे,” मी म्हणालो. “भाऊ, ती झडती—”

“ठाऊक हाय मले.”

“मग त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाहीत?”

ते चिडले, जुन्या आवाजात चिडले. “नाव घेऊन काय करू? तुमाले तिथंच तोडलं असतं त्यायनं! माह्या घरात जेवलेला मानूस. मी बसलो तं हात गेला. तुमचं मुंडकं गेलं असतं!” मग आवाज खाली आला. “तसं मले बी वाटलं होतं, तुमी बोलसान. रातीपरेंत वाट पायली.”

“रुखमाबाईंना तरी सांगायचं.”

“मी सांगू? आपला गुन्हा पाहुन्यावर ढकलून राह्यला, असं म्हनली असती ते. ज्याचं काम त्यानंच करा लागते.”

मी म्हणालो, “चला.”

ते उठले. फेकलेली चप्पल शेळीपाशी पडली होती, म्हणून अनवाणीच आले. वाटेत कोणी रामराम केला, तर त्याला शिवी देऊन उत्तर दिले. पण पाटलांच्या दरवाजाशी आल्यावर त्यांची चाल मंदावली. पंचवीस-तीस वर्षे त्यांनी तो उंबरठा ओलांडला नव्हता. दरवाजाबाहेर एक दगड होता. त्या दगडावर ते बसले, पाय जवळ घेऊन, धड हाताने मोडका हात पोटाशी धरून, मान खाली घालून. त्यांच्यापुढे असे बसलेले लोक मी अनेकदा पाहिले होते. त्यांना तसे बसलेले पाहिले ते फक्त तोरणाखाली. मागे वळून पाहिले तेव्हाही ते तसेच होते.

आत अंगणात दौलतराव बाजेवर होते. म्हातारे झाले होते, पण उशाशी काठी होती आणि हात तिच्यावरच होता. रुखमाबाई सुपात डाळ पाखडत होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला पाहिले, पदर ओठांपुढे धरला आणि माणुसकीच्या सवयीने म्हणाल्या, “बसा.”

या घरात बसलेल्या माणसालाही मारतात, हे मला ठाऊक होते. तरीही आसरा घेतल्यासारखे वाटू नये म्हणून मी बसलो नाही. दौलतराव काठीवर भार देऊन उठू लागले. बाहेर दगडावर भाऊ खोकले. मी हात जोडले आणि आवाज बाहेरपर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने बोललो :

“रुखमाबाई, ती कणगीची झडती तुमच्या दादांनी केली नव्हती. मी केली होती. तुम्ही घरचा माणूस समजून माझ्यासमोर हसलात, आणि मी ते हसू चोरलं. श्रावणला मी खोटं सांगितलं. तुमच्या दादांनी आण मोडली नाही. ती आण पाळायला ते तोरणाखाली बसले, आणि मला वाचवायला माझं पाप अंगावर घेऊन गप्प राहिले. मी ओट्यावर उभा राहून बघत होतो. तुमचे दात मी पाडले, त्यांचा हात मी मोडला. दौलतराव, तुम्हाला मान खाली घालायला मी लावली. तुम्ही मला मारलंत तर मी खाली बसणार नाही. माझं चुकलं. मला क्षमा करा, आणि नाही केलीत तरी चालेल. पण तुमचे दादा बाहेर दगडावर बसले आहेत, त्यांना आत बोलवा.”